स्टिक तळाला, तरी एआय म्हणतो थ्रॉटल १५००

ड्रोनच्या रेडिओवर थ्रॉटलची (मोटरांचा जोर ठरवणारी) स्टिक पूर्ण खाली आहे. ड्रोन चालवणाऱ्या बीटाफ्लाइट फर्मवेअरची सेटिंगं दाखवणाऱ्या कॉन्फिगरेटरच्या रिसीव्हर टॅबमध्ये थ्रॉटलची पट्टीही १००० च्या, म्हणजे तळाच्या, आसपास आहे. कॉन्फिगरेटर बंद करून तोच फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनमधला मुख्य बोर्ड) एआय सहाय्यकाला वाचायला दिला की उत्तर येतं, "थ्रॉटल १५०० वर आहे, म्हणून ड्रोन आर्म होत नाही. रेडिओचं कॅलिब्रेशन पाहा." (आर्म होणं म्हणजे मोटर फिरायला सज्ज होणं.) रेडिओ पाहिला, एंडपॉइंट (स्टिकच्या दोन टोकांच्या किमती) नव्याने लावले, परत विचारलं. परत १५००.

यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आणि रेडिओला काहीही झालेलं नव्हतं. त्यानंतर हीच तक्रार वेश बदलून येत राहिली. कधी आयडल (स्टिक खाली असताना मोटरचा किमान वेग) चुकीचं, कधी थ्रॉटल लिमिट भलतंच, कधी "किमान थ्रॉटल शून्य आहे, उडवू नका" असा थेट इशारा. दर वेळी कंट्रोलरने दिलेला आकडा खराच होता. तो आकडा कशाचा, हे मात्र कंट्रोलरपासून चॅटपर्यंतच्या वाटेत कुठेतरी गळून पडत होतं. ही गळती कुठे कुठे होते ते एकेक करून सांगतो.

माझी मांडणी अशी: बीटाफ्लाइट चालवणारा कंट्रोलर, यूएसबी केबल, आणि संगणकावर सिरियल पोर्टशी बोलणारा पायथनमधला छोटा प्रोग्राम. हा प्रोग्राम, याला पुढे मी 'पूल' म्हणेन, सहाय्यकाला एमसीपीने जोडलेला आहे. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, सहाय्यकाला बाहेरच्या साधनांशी जोडायची पद्धत. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. तुमचा पूल दुसऱ्या भाषेत असला किंवा तुम्ही सीएलआयचं (कंट्रोलरला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीचं) आउटपुट हाताने चॅटमध्ये चिकटवत असलात, तरी यातलं बरंचसं लागू पडेल. सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत आणि मधल्या अधोरेषेसकट लिहायची.

सुरुवात करण्याआधी पंखे काढा आणि बॅटरी सोडवा. नेहमीची सूचना म्हणून हे वाचून पुढे जाऊ नका. बीटाफ्लाइटच्या एमएसपी या संवादपद्धतीत २१४ क्रमांकाची आज्ञा ड्रोन आर्म नसतानाही मोटर फिरवते. कॉन्फिगरेटरचा मोटर टॅब तीच वापरतो. तुमचा पूल सहाय्यकाने सांगितलेला कुठलाही क्रमांक जसाच्या तसा पाठवत असेल, तर वाचन आणि मोटर फिरणं यांत फक्त एका आकड्याचं अंतर आहे.

१५०० येतो कुठून

एमएसपीची १०५ क्रमांकाची आज्ञा रेडिओच्या सगळ्या चॅनलांच्या किमती एका ओळीत देते. प्रत्येक किंमत दोन बाइटची, नावगाव काही नाही. कुठली किंमत कशाची, हे जागेवरून ओळखायचं.

बहुतेक रेडिओ एइटीआर क्रमाने पाठवतात: एलेरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर. म्हणजे थ्रॉटल तिसरं. ड्रोनवाल्यांच्या डोक्यात हे इतकं पक्कं असतं की कोणी विचारही करत नाही, आणि त्यांचं लिखाण वाचून शिकलेल्या सहाय्यकाच्याही डोक्यात तेच आहे. पण बीटाफ्लाइट आलेली चॅनलं आधी स्वतःच्या क्रमात लावून घेतं: रोल (एलेरॉन), पिच (एलिव्हेटर), यॉ (रडर), थ्रॉटल. १०५ चं उत्तर या आतल्या क्रमात येतं. थ्रॉटल चौथं. शून्यापासून मोजत असाल तर ३. तिसऱ्या जागी बसलेलं यॉ, कोणी हात लावत नाही तोवर मधोमध असतं. मधोमध म्हणजे १५००.

माझ्या पुलाचा हा भाग मी सहाय्यकाकडूनच लिहून घेतला होता. चूक करणारा तोच आणि त्या चुकीवरून निदान करणाराही तोच, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मेळ अगदी सुंदर जमत होता.

खात्री करायला रेडिओ चालू ठेवून थ्रॉटल खाली ठेवा, यॉ पूर्ण डावीकडे धरा आणि सहाय्यकाला थ्रॉटल विचारा. आकडा १००० कडे किंवा २००० कडे पळाला तर तो यॉ वाचतोय. इथे एक फसगत आहे. मोड २ च्या रेडिओवर थ्रॉटल आणि यॉ एकाच डाव्या स्टिकवर असतात. थ्रॉटल वर नेताना बोट जरा तिरकं गेलं की यॉचा आकडाही १५०० वरून थोडा हलतो, आणि आपल्याला वाटतं, थ्रॉटल वाचतोय पण प्रमाण चुकतंय. मी याच वाटेने गेलो आणि स्केलिंगचा एक निरर्थक गुणक कोडमध्ये घालून बसलो. म्हणून परीक्षा यॉनेच घ्या, थ्रॉटलने नको.

१५०० ऐवजी दुसरे आकडे दिसले तर त्यांचेही अर्थ ठरलेले आहेत. ८८५ दिसला तर रिसीव्हरकडून सिग्नलच येत नाहीये. सिग्नल नसताना बीटाफ्लाइट थ्रॉटल खालच्या मर्यादेवर नेऊन ठेवतं आणि ती मर्यादा मुळात ८८५ असते. काही बोर्ड नुसत्या यूएसबीवर रिसीव्हरला वीज देत नाहीत, तेव्हा चॅनलं वाचायची असतील तर बॅटरी जोडावीच लागते. पंखे काढायला सांगितलं ते यासाठीही. ५९३९५ किंवा ५६३२५ असं काही आलं तर दोन बाइट उलटे वाचले जात आहेत: एमएसपी आधी लहान बाइट पाठवतं, १००० उलटा वाचला की ५९३९५ होतो आणि १५०० चा ५६३२५. हा आकडा दिसल्यावर मात्र सहाय्यक स्वतःहून चूक पकडतो, कारण तो कुठल्याच अंगाने थ्रॉटलसारखा दिसत नाही. खरा घोळ संभाव्य वाटणाऱ्या चुकीच्या आकड्यांनीच होतो.

किमान थ्रॉटल वाढवलं, फरक शून्य

दुसरी नेहमीची तक्रार. मोटर आयडलवर अडखळते, सहाय्यकाला विचारलं. त्याने 'मिन_थ्रॉटल' वाचलं, १०७० मिळालं. "आयडल ७ टक्के आहे, ११०० करून पाहा." केलं. मोटरवर ढिम्म परिणाम नाही.

मिन_थ्रॉटल फक्त मोटरपर्यंत आकडा पोचवणाऱ्या जुन्या ॲनालॉग प्रोटोकॉलांसाठी आहे: पीडब्ल्यूएम, वनशॉट, मल्टिशॉट. आजचे बहुतेक ड्रोन डीशॉट या डिजिटल प्रोटोकॉलवर चालतात आणि तिथे या सेटिंगकडे कोणी पाहतही नाही. डीशॉटचं आयडल 'डीशॉट_आयडल_व्हॅल्यू' मध्ये असतं. त्याचं एकक टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे ५५० म्हणजे साडेपाच टक्के. नव्या आवृत्त्यांत याचंच नाव 'मोटर_आयडल' झालं आहे. त्यामुळे तिथे सहाय्यक जुन्या नावाने शोधतो आणि त्याला ते सापडत नाही.

याच्याही वरची पायरी डायनॅमिक आयडलची. 'डाइन_आयडल_मिन_आरपीएम' शून्यापेक्षा जास्त असेल तर टक्क्यांतलं आयडल बाजूला पडतं आणि कंट्रोलर मोटरच्या फेऱ्या मोजून तळ सांभाळतो. इथलं एकक शंभर फेऱ्यांचं: ३० म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या. हे एकक सहाय्यकाला सांगितलं नाही तर तो मिनिटाला ३० फेऱ्या वाचतो आणि घाबरतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

आता तो 'किमान थ्रॉटल शून्य' इशारा. एमएसपीची १३१ क्रमांकाची आज्ञा मोटरची मांडणी देते आणि तिची पहिली दोन बाइटं वर्षानुवर्षं किमान थ्रॉटलची होती. ४.५ नंतरच्या बीटाफ्लाइटमध्ये ती जागा जुन्या प्रोग्रामांचा क्रम मोडू नये म्हणून ठेवली आहे, पण तिथे नुसतं शून्य पाठवलं जातं. जुन्या उदाहरणांवरून लिहिलेला पूल ते शून्य इमानेइतबारे वाचतो आणि सहाय्यक त्यावर धोक्याची सूचना रचतो.

डीशॉटवर स्वतः टाकले जाणारे आकडे आणखी वेगळे: ० म्हणजे बंद, १ ते ४७ खास आज्ञांसाठी राखीव, ४८ ते २०४७ थ्रॉटल. कुणी १०७० हा आकडा चुकून डीशॉटच्या मापात धरला तर तो निम्म्याहून जास्त थ्रॉटल होतो. म्हणून माझ्या पुलाला मी एक नियम लावला. थ्रॉटलबद्दल काहीही विचारलं तरी तो आधी 'मोटर_पीडब्ल्यूएम_प्रोटोकॉल' आणि फर्मवेअरची आवृत्ती वाचतो आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत तेच घालतो. एवढ्याने माझ्या तक्रारींतला मोठा हिस्सा संपला.

'गेट थ्रॉटल' पुरत नाही

सीएलआयमध्ये 'गेट' आज्ञा नावाचा तुकडा जुळवून शोधते. 'गेट थ्रॉटल' म्हटलं की ज्या नावांत थ्रॉटल हा अख्खा शब्द आहे तेवढीच सेटिंगं येतात: मिन_थ्रॉटल, मॅक्स_थ्रॉटल, फेलसेफ_थ्रॉटल, थ्रॉटल_बूस्ट, थ्रॉटल_लिमिट_टाइप, थ्रॉटल_लिमिट_पर्सेंट वगैरे. थ्रॉटलचा वक्र ठरवणारे 'टीएचआर_मिड' आणि 'टीएचआर_एक्स्पो' त्यात नसतात. आयडलही नसतं. थ्रॉटल वाढल्यावर पीआयडी (ड्रोन स्थिर ठेवणारं नियंत्रण) किती कमी करायचं ते ठरवणारे 'टीपीए_रेट' आणि 'टीपीए_ब्रेकपॉइंट' नसतात. आर्म होण्यासाठी थ्रॉटल ज्याच्या खाली असावं लागतं ते 'मिन_चेक' नसतं, आणि मोटरचं एकूण आउटपुट रोखणारं 'मोटर_आउटपुट_लिमिट'ही नसतं. सहाय्यकाला वाटतं सगळं हाती आलं. त्याला दिसलेल्या आकड्यांवरचं त्याचं उत्तर चोख असतं, फक्त अर्ध्या ताटावरचं.

मग लोक 'डिफ' देतात. कल्पना चांगली, पण डिफमध्ये मूळ किमतीपेक्षा बदललेलीच सेटिंगं असतात. जे दिसत नाही ते मूळ किमतीवर आहे, हे आपल्याला कळतं. सहाय्यक मात्र ती मूळ किंमत आठवणीतून भरतो आणि आठवण कुठल्या आवृत्तीची आहे याचा भरवसा नाही. डीशॉट आयडलची मूळ किंमत एकेकाळी ४५० होती, नंतर ५५० झाली. मी त्याला स्पष्ट सांगून ठेवलं आहे की डिफमध्ये नसलेलं सेटिंग हवं असेल तर त्याच नावाने 'गेट' करायचं, आकडा स्वतःच्या मनाने लिहायचा नाही.

प्रोफाइलचा, म्हणजे सेटिंगांच्या साठवलेल्या संचांचा, भाग यात गुंतलेला आहे. थ्रॉटल लिमिट आणि वक्र रेटप्रोफाइलमध्ये राहतात, डायनॅमिक आयडल आणि मोटर_आउटपुट_लिमिट पीआयडी प्रोफाइलमध्ये, आणि टीपीए तर आवृत्तीगणिक इकडचं तिकडे गेलं आहे. 'डिफ ऑल' सगळी प्रोफाइलं एकापाठोपाठ छापतं आणि सध्या कुठलं चालू आहे ते त्या-त्या प्रकारची प्रोफाइलं संपल्यावर, मूळ निवड परत लावणाऱ्या ओळीत सांगतं. रेटप्रोफाइलची ती ओळ अगदी शेवटाकडे असते. आता विचार करा, पुलाने लांब उत्तर ठरावीक अक्षरांवर कापलं तर काय जाईल? नेमकी हीच ओळ. मग सहाय्यक पहिलं रेटप्रोफाइल चालू आहे असं धरतो, तुम्ही स्विचवर तिसरं लावलेलं असतं, आणि "थ्रॉटल लिमिट तर बंद आहे" यावर तुमचा वाद सुरू होतो. कापायचंच असेल तर मधून कापा, शेपूट ठेवा.

उत्तर अर्धवट येतं

हे कापण्यापेक्षा वेगळं दुखणं आहे आणि दिसायला अगदी तसंच दिसतं. सीएलआय प्रत्येक आज्ञेनंतर हॅश चिन्ह आणि एक रिकामी जागा छापून थांबतं. साहजिकच पूल लिहिताना आपण म्हणतो, हॅश दिसेपर्यंत वाच. पण डिफ आणि डंप (सगळ्या सेटिंगांची यादी) यांतल्या टिपांच्या ओळीही हॅश आणि रिकाम्या जागेनेच सुरू होतात. आवृत्ती सांगणारी पहिलीच ओळ तशी असते. पूल तिथेच थांबतो, उरलेलं उत्तर बफरमध्ये पडून राहतं आणि पुढच्या आज्ञेचं उत्तर म्हणून सहाय्यकाच्या गळ्यात पडतं. तिथून पुढे प्रत्येक उत्तर एक घर मागे. लक्षण असं की 'स्टेटस' विचारल्यावर सेटिंगं येतात आणि सेटिंग विचारल्यावर स्टेटस.

हॅश बफरच्या अगदी शेवटी असला आणि त्यानंतर काही काळ, मी ३०० मिलिसेकंद ठेवलेत, एकही बाइट आला नाही, तरच उत्तर संपलं असं समजा. आणि नवी आज्ञा पाठवण्याआधी बफर रिकामा करा.

स्वतःच निर्माण केलेली अडचण

"आर्म का होत नाही?" या प्रश्नावर सहाय्यक 'स्टेटस' वाचतो. त्यात आर्म रोखणाऱ्या कारणांची यादी असते आणि तिच्यात 'सीएलआय' हमखास दिसतं. यावरून मला एकदा सीएलआय बिघडल्याचं सविस्तर निदान मिळालं, फर्मवेअर परत टाकण्याच्या सल्ल्यासकट. सीएलआय उघडं आहे म्हणून आर्म बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. उघडलं कोणी? वाचणाऱ्यानेच. नुसती यूएसबी जोडून रिसीव्हर बंद असेल तर 'आरएक्सलॉस'ही त्याच प्रकारचं. 'थ्रॉटल' हे कारण मात्र खरं मानायचं: थ्रॉटल मिन_चेकच्या वर आहे, असं ते सांगतं.

शिवाय 'एक्झिट' म्हटलं की कंट्रोलर रीबूट होतो आणि यूएसबी पोर्ट क्षणभर नाहीसं होतं. लिनक्सवर पुलाने जुनं पोर्ट सोडलं नसेल तर परत येताना पोर्टचा क्रमांक एकने वाढलेला असतो, आणि सहाय्यक सांगतो की कंट्रोलर सापडत नाही. प्रत्येक प्रश्नाला सीएलआय उघडून बंद करण्यापेक्षा एका बैठकीत हवं ते सगळं वाचून घ्या आणि शेवटी एकदाच बाहेर पडा. चॅनलं आणि स्थिती यांसाठी एमएसपी वापरलं तर सीएलआयमध्ये शिरायचीच गरज नाही.

पोर्ट उघडतच नसेल तर आधी कॉन्फिगरेटरचा टॅब बंद आहे का पाहा. विंडोजवर एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट धरू शकतो. लिनक्सवर दोघांनाही ते मिळू शकतं आणि बाइटं दोघांत वाटली जातात, जे जास्त वाईट. तिथे मोडेममॅनेजरही नव्या पोर्टात नाक खुपसतो. आणि पूल स्थानिक प्रोग्राम म्हणून एमसीपीने जोडलेला असेल तर त्यात तपासणीसाठी टाकलेले 'प्रिंट' काढून टाका. त्या वाहिनीवर फक्त प्रोटोकॉलचे संदेश जायला हवेत. इतर काही छापायचं तर एरर आउटपुटवर छापा.

फक्त वाचू द्यायचं, ते कसं

सहाय्यकाला "काही बदलू नकोस" असं लिहून सांगणं पुरेसं नाही. एमसीपीमध्ये साधनावर 'फक्त वाचन' अशी खूण लावता येते, पण ती पाटी आहे, कुलूप नाही. कुलूप पुलाच्या कोडमध्ये हवं. माझ्या यादीत गेट, स्टेटस, व्हर्जन, डिफ, डंप आणि शेवटचं एक्झिट एवढंच आहे. यादीत नसलेली आज्ञा पोर्टपर्यंत पोचतच नाही. 'प्रोफाइल' आज्ञा निरुपद्रवी वाटते, पण क्रमांक दिला तर चालू प्रोफाइल बदलते, म्हणून तीही बाहेर.

यादी लावूनही एक भोक राहतं, आणि मला ते उशिरा दिसलं. पहिला शब्द 'गेट' आहे एवढंच तपासलं, आणि आज्ञेच्या मजकुरात नवी ओळ आली, तर कंट्रोलर त्या दोन आज्ञा समजतो. दुसरी 'सेट' असू शकते, तिसरी 'सेव्ह'. नव्या ओळीचं कुठलंही चिन्ह असलेली आज्ञा सरळ नाकारा. एमएसपीतही "२०० च्या पुढचे क्रमांक लिहिण्याचे" हा लोकप्रिय ठोकताळा वापरू नका. ४५ क्रमांक रिसीव्हरची मांडणी बदलतो आणि ६८ रीबूट करतो. परवानगी क्रमांक मोजून द्या: १, २, ३, १०५, १११, १३१, १५० यांत माझं भागतं.

आर्डूपायलट किंवा पीएक्स४ वापरत असाल

ड्रोनच्या या दुसऱ्या फर्मवेअरांत सेटिंगं नावानिशी येतात, त्यामुळे जागा चुकण्याचा प्रश्न कमी. घोळ एककांचा. आर्डूपायलटचं 'एमओटी_स्पिन_मिन' ०.१५ असतं तेव्हा तो शून्य ते एकमधला भाग आहे, तर 'आरसी३_मिन' मायक्रोसेकंदांत. 'एमओटी_टीएचएसटी_होव्हर' दर वेळी थोडं वेगळं दिसलं तर तो बिघाड नाही. 'एमओटी_होव्हर_लर्न' २ वर असेल तर कंट्रोलर उडताना ते शिकतो आणि साठवतो. पीएक्स४ वर पूर्णांक सेटिंगची बाइटं जशीच्या तशी दशांश संख्येच्या जागेत भरून पाठवली जातात. पुलाने ती दशांश म्हणून वाचली की १ च्या जागी दहाच्या उणे ४५ व्या घातातली, शून्याला चिकटलेली संख्या दिसते. सहाय्यक तिला शून्य समजतो. प्रकार पाहून बाइटं पूर्णांक म्हणून वाचा.

आता माझा पूल नुसता आकडा कधीच देत नाही. आयडल विचारलं तर ओळ अशी येते: "बीटाफ्लाइट ४.५, डीशॉट६००, डीशॉट_आयडल_व्हॅल्यू ५५०, म्हणजे ५.५ टक्के, डायनॅमिक आयडल बंद, पीआयडी प्रोफाइल ०." ओळ लांब आहे, पण ती आल्यापासून सहाय्यकाने एकदाही ७ टक्के म्हटलेलं नाही.

आणि हे सगळं करूनही स्टिक खाली असताना १५०० च येत असेल, यॉ हलवूनही तो हलत नसेल, तर कॉन्फिगरेटर उघडून रिसीव्हर टॅब पाहा. तिथेही थ्रॉटलची पट्टी मध्यावर असली तर सहाय्यक या वेळी खरं बोलतोय. सीएलआयमध्ये 'मॅप' टाइप करा आणि आलेला क्रम रेडिओच्या क्रमाशी ताडून बघा. रेडिओ टीएइआर (थ्रॉटल सगळ्यात आधी) पाठवतोय आणि कंट्रोलर एइटीआर समजतोय असं निघालं, तर दुरुस्ती तिथे आहे.